निष्काम कर्म कोणासाठी?

शाळेच्या भिंतीवर काय लिहिलंय ते वाचायला दोन मिनिटं लागतात. शाळेचं आंगण कोण झाडतं ते बघायला आठवडा लागतो. शाळेची मूल्यं कळतात ती आंगणात. भिंतीवर फक्त ऑइलपेंट असतो.

दोस्तहो, मी सहावी, सातवी, आठवीबद्दल बोलणार आहे. आपल्या चळवळीत कॉलेजवर भाषणं होतात. हॉस्टेल, स्कॉलरशिप, नामांतर, रोहित वेमुला. झालीच पाहिजेत. पण कॉलेजच्या गेटपर्यंत पोचण्याआधी आपली निम्मी पलटण कुठं गळते यावर कोणी बोलत नाही. पहिलीत सगळी पोट्टी सारखीच शेंबडी असतात. दहावीत निकाल कागदावर येतो. खरा निकाल लागतो तो मधल्या तीन वर्षांत. अकरा ते चौदा हे वय असं की पोराला कळायला लागतं आपली वस्ती गावाच्या कुठल्या अंगाला आहे. आणि शाळेलाही ठरवायचं असतं, याला डोकं म्हणून ठेवायचं की हात म्हणून सोडायचं.

मी पवनी तालुक्यातला. सध्या मुंबईच्या गोदीत कंत्राटी हमाल. शिक्षण मॅट्रिक. आमच्या शाळेत कार्यक्रम असला की बेंच उचलायला, मांडव ठोकायला, पाण्याची टाकी घासायला नेहमी आमच्याच वस्तीतली तीन-चार पोरं. सूत्रसंचालनाला दुसरी. मास्तर वाईट नव्हता. त्याने कधी शिवी दिली नाही, छडी मारली नाही. पाठीवर हात ठेवून म्हणायचा, "तुमचे हात लई मजबूत आहेत रे." मूल्यशिक्षण ते हेच. ते फळ्यावर लिहावं लागत नाही. प्रेमाने पाठीवर हात ठेवून दिलं तर जन्मभर टिकतं.

आता सरकारी कागद काढू. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण. शाळेचे चार टप्पे पाडले, पाच-तीन-तीन-चार. सहावी ते आठवी हा तिसरा, मधला टप्पा. या धोरणात मुलांच्या अंगी कोणती मूल्यं यावीत त्याची एक लांबलचक यादी आहे. सेवा, अहिंसा, स्वच्छता, सत्य, निष्काम कर्म, शांती, त्याग, सहिष्णुता अशी ती सुरू होते. वडीलधाऱ्यांचा आदर, सभ्यता, धीर, क्षमा, देशप्रेम करत करत पुढं सरकते. आणि न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता? आहेत, आहेत. यादीच्या एकदम शेवटी. घटनेच्या उद्देशिकेत जी चार माणसं दरवाजात उभी आहेत ती इथं पंगतीच्या टोकाला बसवलीत. वाढणारा तिथं पोचेपर्यंत पातेलं रिकामं.

कोणी म्हणेल, यादीत आहेत ना, क्रमाचं काय घेऊन बसलास? ज्याला पाण्याच्या रांगेत शेवटी उभं केलंय त्याला क्रम म्हणजे काय ते विचारा.

एकेक शब्द घेऊ.

सेवा. या देशात सेवा कोणी केली आणि करवून कोणी घेतली? आमच्या आज्याने गावाची सेवाच केली. मेलेली ढोरं ओढली, सांगावे पोचवले, रात्रीची राखण केली. वर्गात 'सेवा' शिकवायची तर आधी हा इतिहास शिकवा. नाहीतर ज्याच्या घरात सेवेची ढोरमेहनत पिढ्यान्‌पिढ्या आहे त्याला तुम्ही पुन्हा तेच शिकवताय आणि त्याला मूल्य म्हणताय.

स्वच्छता. चांगली गोष्ट. पण शाळेचा संडास कोण धुतं? सगळ्या पोरापोरींची पाळी लावली तर ते शिक्षण. ठराविक आडनावांची पाळी लावली तर ती मनूची अंमलबजावणी. हापश्यावर पाणी कोण उपसतं, खिचडी कोण वाढतं, कोणाच्या हातचं वाढलेलं कोण खात नाही हेही तसंच. बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेत होते तेव्हा शिपाई असेल तर पाणी, शिपाई नसेल तर तहान. ते घरून आणलेल्या गोणपाटावर बसत. त्या शाळेतही नीतीच्या गोष्टी शिकवत असणारच.

त्याग. पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसीखुर्दचं धरण आहे. २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते त्याचं भूमिपूजन झालं. पाण्याखाली गेलेल्या गावांतल्या पोरांना त्यागाचा धडा द्यायला कुठला मास्तर जाणार? त्यांनी गाव सोडलं, नदीकाठची जमीन सोडली. मोबदल्यासाठी त्यांचे मायबाप वर्षानुवर्षं मोर्चे काढत राहिले. ज्याच्याकडून काढून घेतलं त्याला 'तू त्याग केलास' म्हणणं ही चोरीची सभ्य भाषा आहे.

आणि निष्काम कर्म. फळाची आशा न धरता काम करावं. मी गोदीत काम करतो. आमच्यात कोणी फळाची आशा न धरता काम केलं तर मुकादम त्याच्या पाया पडेल! आठ तासाची पाळी बारा तासाची झाली, ओव्हरटाइम मागू नका, निष्काम व्हा. हेल्मेट नाही, हातमोजे नाहीत, फंडाचा हिशेब नाही, निष्काम व्हा. मजूर निष्काम झाला की मालक सकाम होतो, एवढं अर्थशास्त्र मला मॅट्रिकवर समजतं. एक मे आणि आठ तासांचा दिवस जगभरच्या कामगारांनी मिळवला तो फळाची आशा धरून. बारा वर्षांच्या पोराला शिकवायचंच असेल तर हे शिकवा : कामाला मोल असतं, ते मागायचं असतं, आणि एकट्याने नाही, मिळून मागायचं असतं.

महाराष्ट्र यात मागं नाही. मे २०२४ मध्ये राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा बाहेर आला. त्यात मूल्यांच्या प्रकरणात मनुस्मृतीतला श्लोक घातलेला. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जी जाळली ती ९७ वर्षांनी शाळेच्या मूल्यांत उगवली. ओरड झाली, मग सरकारने खुलासा केला की अभ्यासक्रमात मनुस्मृती येणार नाही. श्लोक काय सांगतो, तो चांगला की वाईट, हा वाद मला घालायचा नाही. सगळी पुस्तकं पडली असताना मूल्यं शोधायला हात त्याच पुस्तकाकडे का गेला, एवढंच विचारायचंय. हाताला सवय आहे म्हणून गेला.

आता दुसरी गोष्ट. ती जास्त गोड आहे म्हणून जास्त सांभाळून घ्यायची. धोरण म्हणतं, सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना शाळा करावी. सुताराकडे, माळ्याकडे, कुंभाराकडे जाऊन काम शिकावं. कल्पना जुनी आहे, आमच्या विदर्भातलीच आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधींनी शिक्षण परिषद भरवली. झाकिर हुसेन समिती नेमली गेली. सात वर्षांचं शिक्षण, मध्यभागी हस्तव्यवसाय, टकळी आणि चरखा, आणि पोरांच्या कामातून शाळेचा खर्च निघावा. नई तालीम. श्रमाला प्रतिष्ठा.

हात वापरण्याला माझा विरोध नाही, माझं पोटच हातावर आहे. पण ज्याला श्रम चुकवायची सोय आहे त्याच्यासाठी श्रमाची प्रतिष्ठा हा धडा आहे. ज्याला श्रमाशिवाय दुसरं काही मिळालंच नाही त्याच्यासाठी तो सापळा होऊ शकतो. पुरावा पाहिजे? १९५३ मध्ये मद्रास राज्यात राजाजींनी योजना आणली : पोरांनी अर्धा वेळ शाळेत यावं, उरलेला वेळ बापाचा धंदा शिकावा. परीटाच्या पोराने धुवावं, चांभाराच्या पोराने शिवावं. पेरियारांच्या लोकांनी त्या योजनेला कुळशिक्षण असं नाव पाडलं आणि रान उठवलं. १९५४ मध्ये राजाजी गेले, कामराज आले, योजना रद्द झाली.

म्हणून दहा दिवसांच्या बाबतीत आपली अट एकच : कुठल्याही पोराने आपल्या जातीच्या धंद्यात जायचं नाही. पवनीच्या कोष्ट्यांचं कापड एकेकाळी नावाजलेलं. मग वकिलाच्या पोराला मागावर बसवा आणि कोष्ट्याच्या पोरीला कोर्टात पाठवा. ढिवराचं पोरगं धरणाच्या इंजिनिअरबरोबर दहा दिवस फिरू द्या, त्याच्या बापाची मासळी कुठं गेली ते त्याला तिथं आकड्यांत सापडेल. दुकानदाराच्या पोराला भूमिहीन बाईबरोबर धानाच्या रोवण्याला चिखलात उभं करा. दहा दिवसांनी दोघांनी वर्गात उभं राहून मजुरीचा दर सांगायचा. हे केलं तर दप्तराविना शाळा खरी. नाहीतर दप्तराविना आमची पोरं तशीही आहेतच.

तुम्ही विचाराल, सगळ्यांचं मोडून टाकलंस, तुझं स्वतःचं काय? आपलं तत्त्वज्ञान आहे की नाही?

आहे. आणि ते नेमकं या वयाचं आहे.

१८५५ मध्ये मुक्ता साळवे नावाच्या मातंग मुलीचा निबंध 'ज्ञानोदय'त छापून आला. फुल्यांच्या शाळेत शिकणारी पोरगी. वय अकरा ते चौदाच्या मधलं, म्हणजे आजची सहावी-आठवी. तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलं, आणि ज्या धर्माच्या पुस्तकाला आम्ही हात लावू शकत नाही तो आमचा कसा, असा सरळ सवाल टाकला. फक्त तीन वर्षं शिकून! कुठल्या भिंतीवर मूल्यं रंगवली होती तिच्या शाळेत? तिला वाचायला दिलं, लिहायला दिलं आणि लिहिलेलं दाबलं नाही. बस. एवढी तीन कामं शाळेने केली की मूल्यं येतात.

१८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीरावांनी निवेदन दिलं. शेतकऱ्याच्या घामाचा पैसा वरच्यांच्या शिक्षणावर उडतो हे तोंडावर सांगितलं. बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचं करा म्हणाले. काय शिकवायचं तेही सांगितलं : मोडी आणि बाळबोध, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीची माहिती, आरोग्य, आणि नीतीचे थोडे धडे. नीती त्यांनी टाकून दिली नाही. पण 'थोडे' म्हणाले, आणि हिशेबाच्या शेजारी ठेवली. ज्याला व्याज काढता येत नाही त्याला नीती सांगणं म्हणजे त्याला सावकाराच्या ओसरीवर हात जोडून बसवणं.

आणि जाईबाई चौधरी. पवनीहून नागपूरला जाताना उमरेड लागतं, त्या उमरेडची ही बाई. १८९२ चा जन्म. लहानपणी लग्न, पोटासाठी डोक्यावर ओझी वाहिली. हमाल. माझ्याच पेशातली. एका मिशनरी बाईने तिला शिकवलं, मास्तरीण केलं. ती अस्पृश्य आहे हे कळलं तेव्हा सवर्ण आईबापांनी शाळेवर बहिष्कार टाकला. नोकरी गेली. तिने काय करावं? १९२२ मध्ये नागपुरात चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली. एक हमाल बाई शाळा काढते हे पवनीच्या एकाही पोरीला सातवीत कोणी सांगत नाही. आमच्या हातांचं कौतुक करणाऱ्या मास्तरालाही हे माहीत नव्हतं. हात मजबूत असलेली माणसं शाळा काढू शकतात, हे त्याच्या डोक्यात बसणारच नाही.

चौथं उदाहरण बाबासाहेबांचं. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ मध्ये मुंबईला सिद्धार्थ, १९५० मध्ये औरंगाबादला कॉलेज. त्या कॉलेजला मिलिंदाचं नाव. मिलिंद कोण? राजा, वाद घालणारा, सगळ्या पंडितांना प्रश्नांनी हैराण करणारा, आणि नागसेनाने समाधान केलं तेव्हा ते मोकळेपणी मान्य करणारा. उत्तर देणाऱ्या भिक्खूचं नाव परिसराला दिलं, नागसेनवन. कॉलेजच्या पाटीवर मात्र प्रश्न विचारणारा. एवढा एक निर्णय कळला तरी शिक्षणाचं अर्धं तत्त्वज्ञान कळलं.

पवनीच्या मास्तरांना उदाहरणासाठी लांब जायचीही गरज नाही. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्याने पवनीला जगन्नाथ टेकडी खणली. खाली स्तूप निघाला, दोन हजारांहून जास्त वर्षांचा. कठड्याच्या दगडांवर ब्राह्मी अक्षरांत दान देणाऱ्यांची नावं. एका खांबावर पाच फण्यांचा मुचलिंद नाग, खाली त्याचं नाव कोरलेलं. तालुक्याच्या गावात एवढा मोठा फळा जमिनीतून वर आला आणि आमची सहल गेली दुसरीकडेच. सहावीच्या पोरांना टेकडीवर न्या. विचारा, वर देऊळ आणि खाली स्तूप, हे कसं झालं? उत्तर देऊ नका. पोरांना भांडू द्या. इतिहास, लिपी, भूगोल, मूल्यशिक्षण, सगळे तास एका दुपारी होतील.

मग पवनीतली सहावी ते आठवीची शाळा कशी पाहिजे? माझी यादी धोरणाच्या यादीपेक्षा लहान आहे.

एक : प्रश्न. आठवड्यात एक तास असा की पोरांनी विचारायचं आणि मास्तरांनी उत्तरं द्यायची. येत नसेल तर 'शोधून सांगतो' म्हणायचं.

दोन : पाळी. झाडणं, पाणी, वाढणं, संडास, सगळ्यांची पाळी, भिंतीवर नावानिशी. पोरंही झाडतील, पोरीही सूत्रसंचालन करतील. मास्तरचंही नाव पाळीत.

तीन : बोली. आमची झाडीबोली ळ ला र म्हणते. माय म्हणायची, "शारेत जाय, बापा, मांगं नोको राहू." ती 'शारा' वर्गात उच्चारली की हशा. पोरगं एकदा हसलं गेलं की दुसऱ्यांदा तोंड उघडत नाही, आणि मास्तर शेरा मारतो 'अबोल'. प्रमाण मराठी शिकवाच, नोकरी तिच्यात मिळते. पण बोलीवर हसायचं नाही. २००९ चा शिक्षणहक्क कायदा सांगतो की पोराला भीतीतून मोकळं करा आणि जमेल तिथवर मातृभाषेत शिकवा. मातृभाषा म्हणजे माझ्या मायची भाषा, पुण्याच्या कोणाच्या नाही.

चार : हिशेब. शाळेला अनुदान किती आलं, खिचडीचं धान्य किती आलं, कुठं गेलं, हे आठवीच्या पोरांनी फळ्यावर मांडायचं. घटनेची उद्देशिका २६ जानेवारी २०२० पासून राज्यातल्या शाळांत वाचायची असा आदेश आहे. वाचा. आणि वाचून झाल्यावर हिशेब मांडा. दोन्ही मिळून नागरिकशास्त्र होतं.

काही मित्र म्हणतात, शाळाच बंद व्हायला लागल्यात आणि तू मूल्यांचं काय घेऊन बसलास? बरोबर विचारतात. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारने कमी पटाच्या शाळांच्या समूह शाळा करायचं काढलं. त्याच महिन्यात दत्तक शाळा आणल्या. पैसे द्या, शाळेला तुमचं नाव जोडा. फेब्रुवारी २०२४ मध्ये खाजगी शाळांतल्या गरिबांच्या २५ टक्के जागांना पाचर मारली. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खाजगी शाळेला सूट. जुलै २०२४ मध्ये मुंबई हायकोर्टाने तो नियम रद्द केला तेव्हा दार पुन्हा उघडलं. पण मित्रांनो, हाही मूल्यांचाच प्रश्न आहे. वस्तीतली शाळा लांब गेली की सहावीतली पोरगी घरी बसते, तिचा भाऊ सायकलवर जातो. कुठली शाळा परवडत नाही हे ठरवणाऱ्याच्या मनात एक किंमत असते, आणि त्या किमतीत आपली पोरगी बसत नाही.

आपल्याही घरात बघा. आपल्याच माणसांच्या संस्था आहेत, दारात बाबासाहेबांचा पुतळा आहे, आणि आत शिक्षकाच्या जागेचा भाव ठरलेला आहे. पैसे भरून आलेला मास्तर सातवीला काय मूल्य देणार? पुतळ्याला हार घालून हा प्रश्न मिटत नाही. अशा संस्थेच्या दारात आपण परक्याच्या दारापेक्षा मोठ्या आवाजात ओरडलं पाहिजे.

आमचा भंडारा जिल्हा. १९५४ च्या पोटनिवडणुकीत याच जिल्ह्याने बाबासाहेबांना पाडलं. २९ सप्टेंबर २००६ ला याच जिल्ह्यात खैरलांजी झालं. प्रियंका भोतमांगे शिकत होती, बारावीपर्यंत पोचली होती. सहावी, सातवी, आठवीची चाळणी तिने पार केली होती. शाळेने तिला गाळलं नाही, गावाने मारलं. सगळे भारतीय आपले भाऊबहीण आहेत अशी प्रतिज्ञा जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेत रोज सकाळी होते. मारायला जमलेली माणसं काही परदेशातून आली नव्हती. म्हणून मी म्हणतो, शाळा आपल्या पोरांसाठी जेवढी बदलायची तेवढीच दुसऱ्यांच्या पोरांसाठीही बदलायची आहे. आपल्या पोराला मान वर करायला शिकवाल आणि शेजारच्या बाकावरच्याला ती वर झालेली मान सहन करायला शिकवणार नसाल, तर शिक्षण अर्धं आहे, आणि उरलेलं अर्धं कुऱ्हाड घेऊन येतं.

शेवटी काम. कायद्याने जिल्हा परिषद आणि नगरपरिषदेच्या प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती असते. तिच्यात पाऊण सदस्य पालक, निम्म्या बाया, आणि वंचित घटकांच्या पोरांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. आपल्या मायांची नावं तिथं कागदावर असतात, अंगठे-सह्या घरी येऊन नेतात. पुढच्या सुट्टीत गावाला जाल तेव्हा मायला घेऊन त्या बैठकीत बसा. चार गोष्टी मागा : पाळीचा तक्ता, धान्याचं रजिस्टर, गेल्या तीन वर्षांत सहावी ते आठवीत नाव कमी झालेल्या पोरापोरींची यादी, आणि त्यांच्या घरी कोण जाऊन आलं त्याची नोंद.

यादी मिळाली की त्या घरी आपण जायचं. मी माझ्या वस्तीची घेतो. तुम्ही तुमची घ्या.